कानबाईच्या पोटातलं पाणी

"मॅडम, तुमच्या मशीनला आमच्या कानबाईच्या पोटातलं पाणी दिसेल का?"

ममता बोलून गेली आणि अख्ख्या अकरावी सायन्सचा श्वास अडकला. मागच्या बाकावर सोनमनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पैज तिचीच होती. इंदूरहून आलेल्या शास्त्रज्ञ बाईंना एवढं एक विचारून दाखव, मग आठवडाभर माझी सायकल तुझी, असं ती म्हणाली होती, आणि बाकीच्या पोरींनी पंख्याच्या घरघरीआड 'विचार, विचार' चालवलं होतं. गेल्या वर्षीची ममता असती तर बाकाखाली शिरली असती. हजेरीला 'हजर' म्हणतानाही तिचा आवाज शेजारणीपलीकडे जात नसे. पण दिवाळीनंतर विज्ञान प्रदर्शनात ती माइकवर बोलली, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला जे पाय फुटले ते थांबायचं नावच घेईनात.

बारगळ मॅडम तासभर सिंक्रोट्रॉन समजावत होत्या. एक भलंमोठं गोल कडं, त्यात इलेक्ट्रॉन पळतात, जवळजवळ उजेडाच्या वेगानं. चुंबकं त्यांना वळवतात आणि वळताना त्यांच्यातून प्रकाश बाहेर पडतो. ममतानं ते लगेच आपल्या हिशेबानं लावून घेतलं होतं. ओल्या वावरातून निघालेला ट्रॅक्टर वळणावर चिखल उडवतो ना, तसं. फक्त इथं चिखलाच्या जागी एक्स-रे, आणि तेही दवाखान्यातल्यापेक्षा कितीतरी प्रखर. त्यात एखादं बी धरा, जुनं हाड धरा, औषधाची गोळी धरा. न फोडता आतलं सगळं दिसतं, असं मॅडम म्हणाल्या, आणि नेमकी तिथंच पोरींना कानबाई आठवली.

खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी नदीवर जाते. नारळालाच डोळे, नाक, नथ लावून देवीचं रूप द्यायचं. कोणाकडे दर वर्षी नवा नारळ, कोणाकडे जुनाच, नदीवर नेऊन परत आणलेला. कोरीट गावातल्या ममताच्या भाऊबंदकीचा नारळ पिढ्यान्‌पिढ्यांचा. नथ चढवण्याआधी कुळातले थोरले लोटनअप्पा तो एकेकाच्या कानाशी धरून हलवायचे. आत सळसळ व्हायची. इतक्या जुन्या नारळात पाणी जिवंत आहे, म्हणजे माय जागी आहे, असं सगळे मानायचे आणि हात जोडायचे. सोनमचा यावर काडीचा विश्वास नव्हता.

मॅडम हसतील, चिडतील, नाहीतर 'पुढचा प्रश्न' म्हणतील, असं ममताला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "नारळ केवढा आहे?"

ममतानं दोन्ही हातांनी दाखवला.

"बसेल," मॅडम म्हणाल्या. "शाळांकडून आम्ही नमुने मागवतोच. घरच्यांना विचार. हो म्हणाले तर घेऊन ये."

आता श्वास अडकायची पाळी ममताची होती.

घरी तिनं ही गोष्ट जेवताना, गंमत म्हणून काढली. आई रंजनाबाईंनी पोळीचं पीठ तसंच हाताला ठेवून तिच्याकडे डोळे वटारले. वडील अमृत खाली मान घालून जेवत राहिले. नेमके तेव्हा लोटनअप्पा ओट्यावर आले होते. अप्पा म्हणजे तिच्या वडिलांचे काका. आंघोळ केल्याशिवाय नारळाच्या पितळी डब्याला कोणी बोट लावलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. आता फटके, असं ममतानं धरलं.

अप्पांनी काठी भिंतीला लावली. "लई जा," ते म्हणाले. "दखाड जगले, मायना पोटमा पानी शे का नही."

घेऊन जा, दाखव जगाला, हे अप्पांच्या तोंडून ऐकून ममताचा घास तोंडातच राहिला. आईचाही चेहरा असा झाला, जणू अप्पांनी देव्हाऱ्यालाच पाय लावला.

पण अप्पांना हे का हवं होतं, हे दोघींनाही लगेच उमगलं. तीन वर्षांपूर्वी धाकट्या चंदनकाकानं लग्न केलं. रुपाकाकी धडगावकडची, पावरा आदिवासी समाजाची, दवाखान्यात नर्स. लग्नाला अप्पा गेले नाहीत, पण काकी घरात आली आणि त्या वर्षी कानबाईच्या रोटाला पंगतीत बसली. रोट म्हणजे कुळाचा प्रसाद. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ गहू मोजून दळायचे, आणि तो रोट कुळाबाहेरच्या कोणी खायचा नाही. त्या वर्षी अप्पांनी नारळ हलवला आणि आवाज आला नाही. पुन्हा हलवला. काहीच नाही. अप्पांनी काकीकडे बोट दाखवलं, आणि साऱ्या घरानं तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी, तिची ताटली, सगळंच वेगळं व्हायला लागलं. चंदनकाकानं महिनाभर भांडून पाहिलं आणि शेवटी धानोऱ्याला भाड्याची खोली घेतली.

पुढच्या श्रावणात काकी घरात नव्हती. अप्पांनी भीत भीत नारळ कानाशी धरला, आणि आत सळसळ झाली. अप्पा तेव्हा लहान पोरासारखे रडले होते. त्या दिवसापासून भाऊबंदकीत कोणाला शंका उरली नाही. ती गेली, पाणी आलं. काकीला मुलगी झाली तरी तिच्या नावाची मूठ या घरात कोणी धरली नाही.

प्रदर्शनात माइकपुढे कसं उभं राहायचं, हे ममताला याच काकीनं शिकवलं होतं, चोरून, फोनवर. पाय जमिनीत रोव, पहिलं वाक्य सावकाश म्हण, समोरचा हसला तर तूही हस. नारळात पाणी निघालं, तर काकीच्या तोंडावर दार कायमचं बंद. आणि त्या दाराला कुलूप लावायला मशीन शोधून आणली कोणी, तर ममतानं. तिला वडिलांनी नाही म्हणावं असं फार वाटत होतं. वडील पाणी प्यायले, हात धुतले आणि म्हणाले, "जाऊत."

आषाढ संपता संपता तारीख मिळाली. अप्पांच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून तिघंच निघाले. शहादा, खेतिया, सेंधवा, सगळ्या वाटेवर रंजनाबाईंनी तो पितळी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. नव्या खणात गुंडाळलेली माय होती ती. चहाला उतरायचं तर डबा ममताकडे द्यायचा, तोही पदरावरून ओढणीवर.

प्रयोगशाळा पाहून ममता आधी हिरमुसली. पळणारे इलेक्ट्रॉन तिला दिसणार नव्हतेच, पण कडंसुद्धा दिसेना. जाड भिंतीआड होतं ते. त्या भिंतीच्या कडेकडेनं चालताना मात्र एकदम लक्षात आलं, की भिंत हळूहळू वळतेच आहे, संपतच नाही. आपण चालतोय त्याच्या पलीकडे काहीतरी इतक्या वेळा फिरून गेलं असेल की मोजायची सोय नाही. सोनमला इथं आणायला हवं होतं, असं तिला वाटलं.

पायांत चढवायला निळ्या पिशव्या दिल्या होत्या. रंजनाबाईंनी चपला काढूनच त्या चढवल्या, आणि मॅडमना हळूच विचारलं, नारळ जमिनीला टेकणार नाही ना. मॅडम म्हणाल्या, टेकणार नाही, छोट्या फिरत्या चौरंगावर उभा राहील. चौरंग हा शब्द ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मॅडमनी नारळ दोन्ही हातांनी घेतला, शिशाच्या खोलीत नेऊन मऊ फोममध्ये बसवला, सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. भोंगा वाजला, लाल दिवा लागला. आत नारळ कणाकणानं फिरत होता आणि दर कणाला एक फोटो निघत होता. मग कॉम्प्युटर ते सगळे फोटो जोडून नारळाच्या पातळ पातळ चकत्या दाखवणार होता. सुरी न लावता कापलेलं टरबूज, ममतानं वडिलांना समजावलं. वडील 'हूं' म्हणाले. सकाळपासून ते एवढंच म्हणत होते.

दुपारी मॅडमनी त्यांना पडद्यासमोर बसवलं.

आधी दिसलं एक पांढरं कडं. ती करवंटी. त्याला आतून चिकटलेली एक झिजकी रेघ, ती वाळलेल्या खोबऱ्याची. आणि मध्ये काळं. मॅडम म्हणाल्या, पाणी नाही, फार वर्षांपासून नसणार. पाणी नाही. काकी, पाणी नाही. तिला तिथंच नाचावंसं वाटलं.

"पण काहीतरी आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चकत्या खाली खाली सरकवल्या.

तळाशी ढीग होता. चपट्या, गोल टिकल्या, शेकड्यांनी. मॅडमनी एक टिकली मोठी केली. तिच्या आत बारीक दोऱ्यासारखा अंकुर होता, वेटोळं घालून झोपल्यासारखा. दुसरीत तसाच. तिसरीत तसाच. नंदुरबारकडच्या पोरीला हे ओळखायला मशीन लागत नाही. गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर लाल मिरच्या वाळतात, आणि उचलल्यावर खाली जे झाडून गोळा करतात ते हेच.

मिरचीचं बी.

मॅडमनी नारळाचा वरचा भाग आणला. शेंडीखाली नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ. त्या मऊ डोळ्यातून आरपार भोक होतं आणि ते मेणानं बुजवलेलं होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, कोणीतरी इथून भरलं आहे.

कोणीतरी. ममताचं डोकं भराभर पळायला लागलं. डबा दोन-तीन वर्षांपासून त्यांच्याच घरी. अप्पांनी म्हातारपणामुळे तो त्यांच्याकडे सोपवला होता. डब्याची किल्ली एकाच माणसाच्या करदोट्याला. तिनं वळून वडिलांकडे पाहिलं. आई पडद्याकडे पाहत होती, मॅडम पडद्याकडे पाहत होत्या. वडील स्वतःच्या पायांतल्या निळ्या पिशव्यांकडे पाहत होते.

"दादा?"

"माले वाटनं, मशीनले हाडकंच दिसतस," वडील म्हणाले. "अप्पाना पाय मोडना व्हता, तवय फोटोमा मांस कोठे दिसनं? बी थोडंच हाडूक शे?"

लहानपणी हात धरून अक्षर गिरवून घेणारा, वजनात मिरचीचा एक दाणाही इकडचा तिकडे न करणारा आपला बाप. रंजनाबाई खुर्चीवरून उठल्या, पडद्याजवळ गेल्या, तिथं काय आहे ते नीट पाहून परत आल्या, आणि अमृतच्या शेजारच्या खुर्चीऐवजी पलीकडच्या खुर्चीत बसल्या.

मॅडमना हे घरचं काय चाललंय ते कळलं असावं, पण कामाची माणसं ती. त्या चकत्या आणखी खाली नेत होत्या आणि एकदम थांबल्या. हे दुसरं काय, त्यांनी विचारलं. मिरचीच्या बियांच्या खाली अजून एक थर होता. गोल दाणे, पण पोकळ. बरेचसे फुटलेले, भोवती भुगा. आणि भुग्यात आडवे पडलेले चिमुकले किडे, प्रत्येकाला पुढे सोंड.

"सोंडे," ममताच्या तोंडून निघालं. ज्वारीच्या कणगीत पडतात तेच.

मॅडमनी समजावलं. कोणीतरी आधी ज्वारी भरली. दाण्यात किडीची अंडी असणार. किड्यांनी वर्ष-दोन वर्षांत आतून सगळं पोखरलं. दाणा वाजतो, भुगा वाजत नाही. आणि मेणाच्या आत लाखेचं जुनं बूच फोडलेलं दिसतं. म्हणजे हा नारळ दोनदा भरला आहे. दोन वेगवेगळ्या हातांनी म्हणा, नाहीतर एकाच.

अमृतनं पहिल्यांदाच मान वर केली.

"ज्वारी मी नही टाकेल," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये डबा आईच्या मांडीवर, फोटोची छापील प्रत ममताच्या दप्तरात. घाट उतरल्यावर रंजनाबाई खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "मायना पोटमा हात घालाले तुमले लाज नही वाटनी?"

मग अमृतनं सांगितलं, तुटक तुटक, मधेच थांबून. रुपाची ताटली वेगळी झाली तेव्हा त्याला झोप लागेना. चंदन त्याच्या पाठचा, त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. भावजयीला रडताना पाहून त्याला वाटलं, आवाज परत आला तर सगळं मिटेल. अप्पा म्हणतील, माय प्रसन्न झाली, घ्या पोरीला आत. म्हणून त्यानं भोक केलं आणि हाताशी होतं ते भरलं. डोळ्यावरचा टणक थर त्याला करवंटीचाच वाटला, आणि आतून पडलेला भुगा जुन्या खोबऱ्याचा. पण नारळ हलवायचा तो श्रावणात, आणि श्रावण उजाडायच्या आधीच चंदन बायकोला घेऊन धानोऱ्याला गेला. नारळ बोलला, तो तिच्या माघारी. सगळ्यांनी उलटाच अर्थ लावला. आणि आता खरं सांगावं तर आपण देवीशी खोटं वागलो, हे सांगावं लागणार. म्हणून त्याचं तोंड शिवलं गेलं, ते गेलंच. ज्या दोरानं भावजयीला वर काढायचं होतं, त्याच दोरानं त्यानं तिला बांधलं होतं.

ममता ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या मनात दुसरंच काहीतरी जुळत होतं. ज्वारी. वर्ष-दोन वर्षांत किडे सगळं संपवतात, आणि काकी यायच्या आदल्या श्रावणापर्यंत नारळ वाजत होता. म्हणजे ज्वारी काही पणजोबांच्या काळातली नव्हे. काकी घरात यायच्या थोडीच आधीची. तेव्हा डबा कोणाकडे होता?

तिनं विचारलं. अमृत म्हणाला, अप्पांकडे.

बसमध्ये कुणाचं तरी पोर केळ्यासाठी रडत होतं. ममताला वाटलं आपण बसमध्ये नाहीच, कुठल्यातरी विहिरीत वरून खाली पडतोय आणि तळ येत नाहीये. अप्पांनी ज्वारी भरली होती. ती किडली, आवाज बंद झाला. आवाज का बंद झाला असेल, याचा अंदाज घरात एका माणसाला असू शकत होता, आणि नेमका तोच काकीकडे बोट दाखवणारा पहिला होता. आणि पुढच्या वर्षी? अप्पांनी काही न भरता नारळ बोलला. म्हणून रडले होते अप्पा. आपण फसवलेल्या देवीनं आपल्याला माफ केलं, खरंच पाणी दिलं, असं त्यांना वाटलं असणार. म्हणूनच 'लई जा' म्हणाले. त्यांच्या लेखी नारळात आता खरंखुरं पाणी होतं. काकानं पुतण्याला फसवलं, पुतण्यानं काकाला, दोघांनी मिळून देवीला, आणि घराबाहेर गेली ती जिनं त्या डब्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

हे सगळं ममतानं मोठ्यानं बोलून दाखवलं. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं तरी ती थांबली नाही. रंजनाबाईंनी डब्यावरचा हात एकदा उचलला, परत ठेवला.

अमृत कळवळून म्हणाला, अप्पांचं वय बघ, भाऊबंदकीत त्यांची मान खाली गेली तर ते अंथरूण धरतील. एवढी कानबाई जाऊ दे. मशीनला नीट दिसलं नाही, असं सांगू. मग दिवाळीनंतर मी चंदनला हळूच सांगेन. रंजनाबाई म्हणाल्या, आधी नारळाचं काय ते बघा. असं भरलेलं, बुजवलेलं घेऊन देवी बसवायची कशी, कोणाला विचारायचं. दोघंही आपापलं बोलत होते. एकाला म्हातारा सांभाळायचा होता, एकीला देवी. काकीचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं.

शहादा मागे पडलं. अमृतच्या खिशात फोन वाजायला लागला. पडद्यावर लोटनअप्पांचं नाव होतं. पाणी दिसलं का, एवढंच विचारायचं असणार. अमृतनं फोन हातात धरला, ममताकडे पाहिलं, रंजनाबाईंकडे पाहिलं, उचलेना. वाजून वाजून फोन थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

ममतानं दप्तर मांडीवर ओढलं. काकीनं शिकवल्यासारखे पाय रोवले.

"दादा, माय, ऐका," ती म्हणाली. "नंदुरबारले उतरनूत का मी तुमनासंगे घर येवाव नही. मी धानोराले जासू. हाऊ फोटो पहिले काकी दखी. मंग तिले लईसन मी अप्पाकडे जासू, तुमी संगे या नाहीतर नका या. आनि रोटनं दळन काढशात तवय काकीनी आनि तिनी पोरनी मूठ धराई, तरच मन्ही धरा."